दशांशानंतरचा दुसरा आकडा

जिन्याला सत्तावन्न पायऱ्या होत्या. मजले चार, तळमजला धरून, घरं सोळा, राहणारी माणसं त्रेपन्न, त्यातलं एक पंधरा दिवसांचं. भेगा अकरा. त्या मीच मोजल्या होत्या आणि प्रत्येकीशेजारी निळ्या ऑइलपेंटने क्रमांक घातला होता. पहिल्या दहा प्लास्टरच्या, म्हणजे कातडीच्या. अकरावी हाडाची. जिना जिथे शेवटचा वळतो तिथल्या बीमवर, वीतभर उंचीची, खालून वर गेलेली आणि वर जाता जाता विचार बदलल्यासारखी किंचित डावीकडे झुकलेली. तिच्या मध्यावर मी पेन्सिलने आडवी खूण केली होती. त्या खुणेपाशी रीडिंग घ्यायचं, दर गुरुवारी, सकाळी दहा वाजता, उन्हाने इमारत फुगायच्या आत. भेग मापायची दुर्बीण मुठीत मावेल एवढी असते. ती भिंतीला टेकवून डोळा लावला की आत एक दिवा लागतो, आणि केसाएवढी भेग एकदम दरीसारखी दिसते. काठ तुटलेले, तळ काळा, मध्येच वाळूचा एखादा कण खडकासारखा अडकलेला. त्यावर काचेत कोरलेल्या बारीक रेघा. एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत मिलिमीटरचे दोन शतांश. श्वास रोखायचा, नाहीतर काच धुरकटते. त्या अकराव्या गुरुवारी मी स्टुलावर चढून श्वास रोखला होता, बारा रेघा मोजल्या होत्या, आणि मागून काकू म्हणाल्या, "काय गं, वाढली का आमची?"

काकू म्हणजे समोरच्या दारातल्या शिवणकाम करणाऱ्या बाई. त्यांच्या मशीनचा आवाज बंद झाला की त्या दारात येऊन उभ्या राहिल्या असं समजायचं. भेगेची चौकशी त्या कुंडीतल्या रोपाची करावी तशी करत. मी म्हटलं, "नाही काकू. आहे तेवढीच."

"मग माझा कागद बारीक झाला म्हणायचा."

त्यांच्या हातात बेतायचा खाकी कागद होता. कपडा कापायच्या आधी त्या ज्यावर आखतात तो. त्यांनी त्याची पट्टी दुमडली, दोन पदर केले, आणि माझ्या खुणेच्या बोटभर खाली भेगेत सरकवली. मग पट्टी काढून तीन पदर केले. तेही गेले. "तू नंबर टाकलास ना, त्या आठवड्यात दोन पदर जायचे. तिसरा घालायला गेले तर कागद चुरगळायचा. आता बघ, लोण्यात सुरी गेल्यासारखा जातोय."

"तुम्ही कशाला मापता?"

"अगं, चाळीस वर्षं लोकांची मापं घेतली. माझ्या दारासमोर दुसरंच कुणी माप घेतंय म्हटल्यावर हात शिवशिवणार नाहीत?" त्या हसल्या. "तू नको तोंड पाडूस. वाढू दे की थोडी. लिफ्ट लागेपर्यंत टिकली म्हणजे मिळवली. माझे गुडघे तिच्या आधी पडतील."

या इमारतीवर आणखी दोन मजले चढत होते. वरच्या आठ घरांच्या बदल्यात खालच्या सोळा घरांना लिफ्ट मिळणार होती. म्हणून सगळ्यांनी आनंदाने सह्या केल्या होत्या, काकूंनी सर्वांत आधी. अकरा आठवड्यांपूर्वी गच्चीवर पहिल्या सळया चढल्या, तेव्हापासून मी गुरुवारी येत होते. चौथ्या मजल्याचे खांब उभे राहिले होते, भिंती झाल्या होत्या, आणि परवा, शनिवारी, त्याचा स्लॅब पडायचा होता. मी काकूंकडून कागदाचा एक तुकडा मागून घेतला. का मागितला ते त्यांनी विचारलं नाही. मी मात्र जिना उतरताना पायऱ्या मोजत होते, आणि त्या छप्पन्न भरल्या. एक कुठेतरी चुकली. मी कधी चुकत नाही.

ऑफिसात त्या कागदाचे वीस पदर करून मी जाडीमापकात धरले आणि विसाने भागलं. एक पदर, शून्य पूर्णांक आठ शतांश. दोन पदर म्हणजे सोळा शतांश, तीन म्हणजे चोवीस. वास्तविक हे मला कागदाने सांगायची गरज नव्हती. माझी स्वतःची वही पिशवीत होती आणि वहीत मी पहिल्या दिवसापासून दोन्ही आकडे लिहीत आले होते: सोळा, सोळा, सतरा, अठरा, अठरा, वीस, एकवीस, एकवीस, बावीस, चोवीस, चोवीस. मी ते एकाखाली एक लिहिले होते, पण एका दमात कधी वाचले नव्हते. कारण ऑफिसच्या फॉर्मवर दशांशानंतर एकच आकडा लिहायचा रकाना होता, आणि त्या रकान्यात सोळाचेही दोन होतात, चोवीसचेही दोनच. अकरा आठवडे, अकरा वेळा, ०.२. पुढच्या रकान्यात माझ्याच अक्षरात: बदल नाही. बदल नाही. बदल नाही. त्या फॉर्मच्या प्रती जोडून वरच्या दोन मजल्यांची परवानगी पुढे पुढे सरकली होती. त्यात कुणी खोटं बोललं नव्हतं. आकडे खाडाखोड न केलेले, सह्या खऱ्या, वेळ बरोबर.

आणि तो रकाना मी बदलायला लावला होता. पूर्वी त्या फॉर्मवर दोन आकडे असत. मी नोकरीला लागले त्या महिन्यात दुसऱ्या एका इमारतीतल्या लोकांनी ते आकडे बघून गोंधळ घातला होता. सोमवारी वीस, बुधवारी एकवीस, शुक्रवारी एकोणीस, म्हणून त्यांना रात्री झोप येईना. तेव्हाच्या मीटिंगमध्ये मी हात वर केला. शाळेत करायचे तसा. मी सांगितलं की उन्हाने काँक्रीट हलतं, मापणाऱ्याचा डोळा हलतो, हात हलतो, आणि या हलण्याला आमच्या प्रयोगशाळेत गोंगाट म्हणत. दुसरा आकडा म्हणजे नुसता गोंगाट, तो लिहिणं म्हणजे आपल्याला ठाऊक नसलेलं ठाऊक आहे असं सांगणं. कॉलेजात आमचे प्रयोगाचे सर पांढऱ्या कोटाच्या खिशात हात घालून टेबलाटेबलामधून फिरायचे आणि कुणी लंबकाचा काळ चार आकड्यांपर्यंत लिहिला असला की पान वर धरून सगळ्यांना दाखवायचे. "ही फुशारकी," म्हणायचे. "जेवढं दिसतं त्याहून जास्त लिहिणं ही फुशारकी." दिसतं त्याहून कमी लिहिणं म्हणजे काय, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. मी त्यांची लाडकी होते. त्या मीटिंगमध्ये मला त्यांचा कोट अंगावर असल्यासारखं वाटलं होतं. आता अकरा आकडे एकाखाली एक बघताना एवढंच कळत होतं की प्रत्येक पाऊल गोंगाटाएवढं लहान होतं, आणि गोंगाट कधी एकाच दिशेने चालत नाही. मी वही उचलली आणि साहेबांच्या खोलीत गेले.

साहेबांच्या मागे भिंतीवर पांढरा बोर्ड होता. त्यावर रोज सकाळी दोन आकडे बदलत: वर्ष संपायला उरलेले दिवस आणि द्यायची उरलेली घरं. त्या दिवशी चौऱ्याऐंशी आणि सहाशे बारा.

"अकरा नंबरची भेग वाढते आहे, साहेब."

"किती आहे?"

"चोवीस शतांश."

"फॉर्मवर?"

"दोन."

"मागच्या आठवड्यात?"

"दोन."

"त्याच्या मागच्या?"

"दोनच. पण साहेब..."

"मग वाढलं काय मॅडम? माझा रक्तदाब?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्हीच त्या दिवशी उभं राहून सांगितलंत, दुसरा आकडा म्हणजे गोंगाट. मी घरी जाऊन बायकोला म्हटलं, वीस वर्षांत पहिल्यांदा ऑफिसात शहाणं माणूस आलंय."

मी वही पुढे केली. त्यांनी ती खरोखर वाचली. बोट प्रत्येक आकड्यावरून खाली नेलं. ते आळशी नव्हते आणि वाईटही नव्हते. मग बोर्डाकडे न बघता अंगठ्याने त्याकडे खूण केली. "त्यातलं प्रत्येक घर म्हणजे कुणीतरी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात झोपलेलं असतं. मी झोपलोय. सहा वर्षं. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून अंथरूण गुंडाळायचं, कारण वहिनीला चूल पेटवायची असते. नियमात काय आहे? शून्य पूर्णांक तीन आलं की काम बंद. कल बघा, चाल बघा, असं नियमात नाही. शनिवारी सकाळी रीडिंग घ्या. फॉर्मवर तीन आलं तर मी स्वतः मिक्सरच्या गाड्या परत पाठवीन, वरून कुणाचाही फोन येवो. दोन आलं तर सही करा. याच्याहून सरळ मला बोलता येत नाही."

पंचवीसच्या पुढे गेलं की तीन. पंचवीसच्या आत राहिलं की दोन. मी बाहेर आले तेव्हा मला, खरं सांगायचं तर, हलकं वाटत होतं. निर्णय माझ्याकडून निघून दुर्बिणीकडे गेला होता. दुर्बिणीला भाऊ नसतो.

माझ्या भावाला त्या वरच्या आठांतलं एक घर मिळालं होतं. चौथा मजला, जिन्याच्या डाव्या हाताचं. त्याच्या लग्नाला दोन वर्षं झाली, पण आमच्या दोन खोल्यांत आई, मी आणि तो एवढीच माणसं मावतात, म्हणून वहिनी तिच्या माहेरी राहते, तो आमच्याकडे, आणि रविवारी ती दोघं बागेत भेटतात. नवराबायको असून. एकदा तिथल्या रखवालदाराने त्यांना हटकलं होतं. भावाने खिशातून लग्नाचा दाखला काढून दाखवला. तेव्हापासून तो दाखला खिशात घेऊनच फिरतो. हे तो इतक्यांदा आणि इतका हसून सांगतो की आता ऐकताना मी दुसरीकडे बघते. शुक्रवारी संध्याकाळी मी घरी पोचले तर वहिनी आली होती. आईच्या पलंगावर घराचा नकाशा पसरला होता आणि त्यावर कपाट म्हणून आगपेटी आणि पलंग म्हणून माझा खोडरबर ठेवून दोघं भांडत होती.

"दार उघडल्यावर कपाटाला आपटेल," वहिनी म्हणत होती.

"आपटू दे. आपलं दार, आपलं कपाट. दोन वर्षं काय आपटलंय आपल्याकडे?"

आई म्हणाली, "हळू बोला, शेजारी ऐकतात." ती हे रोज म्हणते, घरात कुणी काही बोलत नसलं तरी.

मी नकाशाकडे बघत होते. त्यांच्या आगपेटीच्या बरोबर खाली, एक मजला खाली, अकरा नंबर होता. नकाशात तो दिसत नाही. नकाशात बीम म्हणजे दोन तुटक रेघा. मला सांगायचं होतं, की उद्या पन्नास टनांहून जास्त ओलं काँक्रीट तुमच्या कपाटाच्या डोक्यावर चढेल आणि त्याचा भार जिथे जिथे उतरेल त्यातली एक जागा कशी उघडते आहे ते मला अकरा आठवडे दिसत होतं. मी ते दर गुरुवारी पुसून कोरं करून देत होते. त्याऐवजी मी म्हटलं, "उद्या कदाचित काम होणार नाही."

भावाने आगपेटी उचलली आणि पुन्हा तिथेच ठेवली. "का?"

"रीडिंगवर आहे."

"म्हणजे तुझ्यावर."

"रीडिंगवर."

"तेच गं. आमचा संसार तुझ्या दुर्बिणीत अडकलाय म्हण की." तो हसला, पण वहिनी हसली नाही. ती नकाशाची घडी घालू लागली, मूळच्या घड्यांवरूनच, अगदी काळजीपूर्वक. मग खाली बघत म्हणाली, "ताई, दोनच येईल ना? आत्तापर्यंत दोनच येतंय, हे म्हणत होते."

त्याने तिला हे सांगितलं होतं. म्हणजे मी त्याला सांगितलं होतं, दर गुरुवारी, जेवताना, काहीतरी चांगली बातमी म्हणून. "जे येईल ते येईल," मी म्हटलं. ती मान डोलावत राहिली. तिला माझ्याकडून काही नको होतं, फक्त एक आकडा हवा होता, तोही खरा असलेला.

अंथरुणावर पडल्यावर मला शाळेतली डोळ्यांची तपासणी आठवली. वर्गात तपासणीला माणूस आला होता, भिंतीवर अक्षरांचा तक्ता. मला चष्मा नको होता. चष्मा लागलेल्या मुलीला सगळे म्हातारी म्हणत. माझ्या पुढे सतरा मुली होत्या आणि सतराजणींनी तक्ता मोठ्याने वाचला. माझी पाळी आली तेव्हा मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मी पाठ म्हणत नव्हते. आजही शपथेवर सांगेन की मला ती अक्षरं दिसत होती, काठ धरून, काळीभोर. वर्षभराने चष्मा लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले, हा नंबर काही कालचा नाही. उद्या बाराव्या आणि तेराव्या रेघेच्या मधे कुठेतरी भेगेचा तुटका काठ असेल, आणि तो बाराला चिकटलेला मला दिसेल. खोटा नव्हे. दिसेलच.

शनिवारी नऊ वाजल्यापासून मिक्सरच्या दोन गाड्या गल्लीत पोट फिरवत उभ्या होत्या. पंपाचा पाइप भिंतीवरून वर गेला होता, तो अधूनमधून हिसका देई आणि जिन्यातली हवा थरथरे. मुकादम माझ्या मागोमाग वर आला. त्याच्या हातात फॉर्म अडकवलेली पाटी होती, सहीच्या जागी आधीच फुली मारलेली. "घ्या बाई, दोन मिनिटांचं काम. काँक्रीट काही कुणासाठी थांबत नाही." खाली फाटकापाशी भाऊ आणि वहिनी येऊन उभी होती, ठेवणीतले कपडे घालून, आपल्या घराचं छप्पर पडताना बघायला. मी त्यांना या म्हटलं नव्हतं, येऊ नका असंही म्हटलं नव्हतं. घड्याळात दहा झाले. मी स्टुलावर चढले, दुर्बीण टेकवली, श्वास रोखला.

डावा काठ शून्यावर. उजवा काठ बारावर. मी डोळा काढला, मिटला, पुन्हा लावला. बारा. काठ जिथे संपतो तिथे एक राखाडी सावली होती, ती भेगेची धरावी की काँक्रीटची, हे दर गुरुवारी मी एका क्षणात ठरवत आले होते. आज तो क्षण संपत नव्हता. सावली सोडली तर बारा. धरली तर किती, ते मला मोजताच येईना. मोजायला लागलं की रेघा एकमेकींत मिसळत. तिसऱ्यांदा बारा. मला ते इतकं स्वच्छ दिसलं, की भीती वाटली. चोवीस शतांश, म्हणजे दोन, म्हणजे आगपेटी, खोडरबर, लिफ्ट, बोर्डावरून आठ घरं कमी. या सगळ्या जगात तीन आलेलं हवं असं एकही माणूस नव्हतं. ज्यांच्या डोक्यावर तो बीम होता त्यांनासुद्धा.

"झालं का?" मुकादम म्हणाला.

मशीनचा आवाज थांबला. मी म्हटलं, "काकू, जरा येता का? एक मोजून द्यायचंय."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"म्हणूनच."

त्या पदराला हात पुसत आल्या. मुकादमाने कपाळाला हात लावला. "बाई, आता काय शिवणकाम काढता?" काकू त्याला म्हणाल्या, "तुझ्या पँटीची शिवण मागून उसवलीय, ती आधी बघ," आणि तो खरोखरच मागे हात नेऊन बघू लागला तोवर माझ्या खांद्यावर भार टाकून त्या स्टुलावर चढल्या. त्यांचे गुडघे वाजलेले मला ऐकू आले. दुर्बिणीतली रेघ म्हणजे मिलिमीटरचा कितवा भाग, हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. किती आलेलं बरं आणि किती वाईट, हेही नाही. मी दुर्बिणीचा शून्य डाव्या काठाला लावून दिला, तेवढा मला विश्वासाने लावता येत होता, आणि त्यांचा हात धरून तिच्यावर ठेवला.

"आत दरी दिसते?"

"अगं बाई! ही एवढी?"

"तिच्यावर रेघा आहेत. डाव्या काठापासून सुरू करा. दरी संपून घट्ट दगड लागेपर्यंत किती रेघा, तेवढं सांगा. टाके मोजता तसं. घाई नाही."

"घाई आहे," मुकादम म्हणाला.

काकूंनी श्वास रोखला. ते मी सांगितलं नव्हतं, सुईत दोरा ओवताना त्या रोखत असतील तसा. त्यांचे ओठ हलत होते. खाली गाड्यांची पोटं फिरत होती. मी भिंतीकडे बघत होते, माझ्याच निळ्या रंगातल्या अकराकडे, आणि माझ्या मनात एकही आकडा नव्हता.

"तेरा," त्या म्हणाल्या. "आणि वर अर्धी."

"पुन्हा मोजा. उजवीकडून डावीकडे."

"तेरा नि अर्धी."

"काकू, एकदा डोळा बदलून."

त्यांनी चेहरा फिरवून दुसरा डोळा लावला. या वेळी जास्त वेळ लागला. मुकादमाच्या खिशातला फोन वाजायला लागला, वाजत राहिला, थांबला.

"तेवढंच येतंय गं. साडेतेरा."

मी पाटी घेतली. रकाना एका आकड्याएवढाच होता, म्हणून दुसरा आकडा रेघेच्या बाहेर गेला. भेग क्रमांक अकरा, मधली खूण, सकाळी दहा वाजून सात मिनिटं, तीन वाचनं, तिन्ही सारखी: ०.२७ मिलिमीटर.